सातव्या वाढदिवसाची रेघ

नंदकिशोरच्या घरातलं लोखंडी कपाट एका रविवारी सकाळी आपण होऊन पुढे झुकलं आणि पलंगाला टेकून थांबलं. घर वाशीला, तळमजल्यावर. कपाटाचे मागचे दोन्ही पाय गंजून त्यांचा चुरा झाला होता. नंदकिशोर आणि वैजयंती यांनी मिळून ते ओढून बाजूला केलं, तर मागची भिंत कमरेच्या वरपर्यंत ओलीनं काळवंडलेली. जागोजाग पांढरा लोणा फुटला होता आणि बोट लावलं की गिलावा भुसभुशीत होऊन खाली पडत होता.

दुसरं कुणी असतं तर त्यानं आधी घर बांधणाऱ्यांच्या नावानं बोटं मोडली असती. हे दोघं मात्र भिंतीसमोर उभे राहिले. त्या भिंतीवर सुनीतीच्या उंचीच्या रेघा होत्या. दर वाढदिवसाला नंदकिशोर लेकीला भिंतीशी उभी करी, डोक्यावर फूटपट्टी आडवी धरी आणि पेन्सिलीनं रेघ मारी. गुदगुल्या होतात म्हणून ती हसत सुटे. सातव्या वाढदिवसानंतर दोन महिन्यांनी काविळीचं निमित्त झालं आणि ती गेली. रेघा दिसू नयेत म्हणून दोघांनी तिथे कपाट सरकवलं. रेघा पुसल्या जाऊ नयेत म्हणून घराला पुन्हा रंगही दिला नाही. हे शहाणपणाचं वागणं नव्हे, हे त्यांनाही कळत होतं.

ओलीनं तीनपासून सहापर्यंतच्या सगळ्या रेघा खाल्ल्या होत्या. सातव्या वाढदिवसाची तेवढी शिल्लक होती, ओलीच्या चार बोटं वर.

"ही काही झालं तरी वाचवायची," नंदकिशोर म्हणाला.

"पण भिंतीला हात न लावता," वैजयंती म्हणाली.

भिंतीला हात न लावता भिंत दुरुस्त करायची! पुढची दोन वर्षं जो घोळ झाला तो याच अटीपायी.

पहिला सल्ला शेजारच्या अरविंदचा. ते सोसायटीचे सेक्रेटरी, आणि नोकरी विम्याच्या कचेरीत. ज्या विषयातलं कळत नाही त्या विषयावर ते जास्त ठामपणे बोलत.

"मीठ!" त्यांनी चुटकी वाजवली. "खडे मीठ ओल ओढून घेतं. सिंपल आहे. भिंतीशी दोन गोणी लावून ठेवा, महिन्याभरात भिंत कडकडीत. काय वहिनी, टेन्शन घेऊ नका."

नंदकिशोरनं दोन गोण्या आणून भिंतीशी उभ्या केल्या. मिठानं ओल ओढली यात शंका नाही. इतकी ओढली की आठवड्याभरात गोण्यांतून पाणी झरायला लागलं. ते खारं पाणी फरशीच्या सांध्यांतून पलीकडे गेलं, आणि पलीकडे होता अरविंदचा नवाकोरा सोफा-कम-बेड. त्याचं बूड भिजलं, मग फुगलं, आणि एका दुपारी मिसेस अरविंद बसल्या असताना त्यातला सोफा संपून फक्त बेड उरला.

"मीठ ओल ओढतं म्हणालो होतो मी," अरविंद दारात उभे राहून ओरडले, "माझ्या घरात ढकला म्हणालो नव्हतो!"

आता शेजाऱ्याचंही नुकसान झालेलं, त्यामुळे अरविंदचा दुसरा सल्ला नाकारायची सोय राहिली नाही. बाहेरच्या बाजूनं जोत्याला डांबर फासायचं, म्हणजे जमिनीतलं पाणी आत यायचंच नाही. नंदकिशोरनं भर उन्हात जोतं काळंभोर केलं. काम कसं झालंय ते पाहायला आलेले अरविंद बोलता बोलता जोत्यावर टेकले. उठताना ते उठले, पण त्यांची टेरिलिनची पँट पूर्णपणे उठली नाही. त्यांना वैजयंतीच्या टॉवेलात घरी जावं लागलं.

आणि डांबरानं बाहेरची वाट बंद झाल्यावर पाण्याला आत येण्यावाचून गत्यंतरच राहिलं नाही. ओल दोन्ही घरांत दुप्पट जोरानं चढली.

सातव्या वाढदिवसाची रेघ मात्र कशी कोण जाणे, टिकून होती. रोज सकाळी कामाला जायच्या आधी नंदकिशोर भिंतीकडे बघे आणि म्हणे, "आहे." दुपारी भांडी आवरून झाली की वैजयंती बघे. ओल वर सरके, रेघेच्या खाली बोटभर येई आणि जणू तिथे अडे. देवाला एवढी तरी दया आली, असं वैजयंतीला एकदा म्हणावंसं वाटलं, पण ज्यानं पोर नेली त्याचे आभार मानायला तिची जीभ वळेना.

शेवटी सोसायटीची मीटिंग झाली आणि बोनकोड्याचे गोटीराम गवंडी आले. साठीचा, काटक माणूस. त्यांनी जमिनीवर उकिडवं बसून फरशी वाजवली, कान देऊन ऐकलं आणि पहारीनं चार फरशा उचकटल्या. खाली भराव कधीच खचला होता. हातभर पोकळी झाली होती आणि तळाला काळं पाणी चमकत होतं. त्यातून एक चिंबोरी वर आली, नांग्या उगारून तिनं घर पाहून घेतलं आणि तिरकी चालत थेट स्वयंपाकघरात शिरली. वैजयंती शाकाहारी घरातली. ती ओट्यावर चढून बसली ती चिंबोरी गोटीरामांच्या पिशवीत जाईपर्यंत उतरली नाही.

"परवा आवस हाय," गोटीराम पाण्याकडे बघत म्हणाले. "ह्यो उधानाचा पानी. भरतीला चरतं, ओहटीला उतरतं. सायेब, ही समदी आमच्या मिठागराची जागा. जिथं तुमी निजता ना, तिथंच मी मीठ ओढलंय."

"मग हे पाणी थांबायचं कसं?" नंदकिशोरनं विचारलं.

"खाली खडी भरू, वर शिमिटाचा जाड थर देऊ. पन ही भित छातीपर्यंत खरवडाया लागंल. गिलाव्यात मीठ मुरलंय. त्यो काडल्याबिगर सुटका नाय."

"भिंतीला हात लावायचा नाही," दोघं एकदमच म्हणाले.

अरविंदचा संयम संपला. "अहो, गिलावा आहे का सोनं आहे? दोन वर्षं मी ओलीत झोपतोय! बायकोचे सांधे धरलेत. मला एक कारण सांगा, फक्त एक!"

वैजयंतीनं मग गोटीरामांसाठी चहा आणायला म्हणून अरविंदना घरी पाठवलं आणि गोटीरामांना ती रेघ दाखवली. ती कुणाची, कधीची, एवढंच दोन वाक्यांत सांगितलं.

गोटीरामांनी रेघेखालच्या गिलाव्यावरून बोट फिरवलं. मग म्हणाले, "बाय, मंग माप घ्या ना. जिमनीपासून रेग किती वर हाय ते कागदाव लिवा. नवीन गिलावा सुकला का मी सोता त्याच जागंव रेग मारीन."

नंदकिशोर रबाळ्याच्या कारखान्यात स्टोअरकीपर होता. दिवसभर तो पत्रे नि पाइप मोजत असे. मिठाच्या गोण्या आणल्या, डांबर फासलं, शेजाऱ्याची पँट घालवली, पण भिंत एकदा मोजून ठेवावी हे दोन वर्षांत त्याच्या डोक्यात आलं नव्हतं. गोटीराम बाहेर सिमेंट कालवायला गेले आणि यानं टेप काढला.

"एकशे सव्वीस."

"एकशे अठरा," वैजयंती म्हणाली. "नीट बघा."

"नीटच बघतोय. सव्वीस."

तिनं ट्रंकेतून सुनीतीचं प्रगतिपुस्तक काढलं. ती जाण्याच्या महिन्याभर आधी शाळेनं लिहिलं होतं : उंची ११८ सें.मी. नंदकिशोरनं टेप उलटासुलटा करून पाहिला आणि पुन्हा मोजलं. रेघ आठ सेंटिमीटर वरच होती. मग त्यानं बायकोकडे पाहिलं, तर ती खाली बघत होती.

"मागच्या दिवाळीत ओल एकदम चढली," ती हळूच म्हणाली. "रेघ गेलीच जवळजवळ. तुम्हाला दिसली असती तर तुम्ही जेवला नसतात. म्हणून मी ओलीच्या जरा वर, कोरड्यात, नवीन मारली. पुढेही मारली. चारदा."

"दिवाळीत?" नंदकिशोरनं टेप खाली ठेवला. "अगं, मी गणपतीपासूनच मारतोय."

"किती वेळा?"

"ते मोजलं नाही मी."

वैजयंतीला आधी हसू आलं. तोंडावर पदर धरून ती हसली, आणि मग तसाच पदर धरून रडली. नंदकिशोर तिच्याशेजारी भिंतीला टेकून बसला, शर्टाला लोणा लागला तरी उठला नाही. दोन वर्षं दोघं एकमेकांपासून एकच चोरी लपवत होते, आणि लेक गेल्यापासून आज पहिल्यांदा एकमेकांसमोर रडत होते.

गोटीराम छिन्नी-हातोडा घेऊन दारात आले. त्यांनी नवराबायकोचे चेहरे पाहिले आणि हत्यारं खाली ठेवली.

"माप घेतलाव का सायेब? किती लिवू?"

नंदकिशोरनं खिशातून पेन काढलं. वैजयंतीच्या मांडीवर प्रगतिपुस्तक उघडंच होतं. तिनं ते मिटून ठेवलं. नंदकिशोरनं कागदावर '१२६' लिहिलं आणि चिठ्ठी गोटीरामांच्या हातात दिली.

गोटीरामांनी खाली खडी भरली, थर दिला, भिंत छातीपर्यंत खरवडून नवा गिलावा चढवला. तो सुकायला तीन आठवडे लागले. मग एका सकाळी ते चिठ्ठी घेऊन आले, टेप लावला, जीभ दातांत धरून सरळ रेघ मारली आणि दोन पावलं मागे सरून बघत राहिले.

"सात वर्सांची मंजे उंच व्हती हो पोर तुमची."

"हो," वैजयंती म्हणाली. "वाढतं अंग होतं तिचं."