जवसाचं तेल आणि रहांगडाले काकाजी

रहांगडाले काकाजी माणसाच्या तोंडाकडे नंतर पाहतात, आधी त्याच्या गाडीच्या बंपरकडे. बंपर काळाभोर असला तर "या, बसा." पांढुरका पडलेला असला तर पाहुण्याला पाणी मिळायच्या आधी त्याच्या गाडीला मिळतं. मागच्या उन्हाळ्यात आमच्याकडे मुलीला बघायला पाहुणे आले. मुलाचे वडील दारात चपला काढत होते, तेवढ्यात कंपाउंडवरून आवाज आला, "पांढरं होऊन राहिलं ना जी!" कुणी गेल्याची बातमी द्यावी तसा आवाज. त्या गृहस्थांनी चपला परत पायात घातल्या आणि "काय झालं?" म्हणत बाहेर गेले. पुढचा कार्यक्रम, म्हणजे पोहे, चहा आणि मुलीचं शिक्षण, त्यांच्याशिवाय पार पडला. ते काकाजींबरोबर बंपरपाशी उकिडवे बसले होते. स्थळ जमलं नाही. गाडी मात्र झकास झाली.

काकाजींचं खरं आडनाव वेगळं आहे. मी रहांगडाले लावलं, कारण आमच्या गोंदिया जिल्ह्यात पोवारांमध्ये रहांगडाले एवढे आहेत की कुणी स्वतःवर ओढून घेणार नाही. ते तहसील कचेरीतून नाझर म्हणून निवृत्त झाले आणि सडक अर्जुनीत आमच्या शेजारी घर बांधून राहिले. माझं हमरस्त्याला लागून मेडिकलचं दुकान आहे, म्हणून ते मला "मेडिकल" अशीच हाक मारतात. माझं नाव त्यांना ठाऊक असावं, पण खात्री देत नाही.

गाडीचं जे काळं प्लास्टिक असतं, म्हणजे बंपर, दारावरच्या पट्ट्या, आरशांची टोपणं, वायपरखालची जाळी, ते आमच्याकडच्या उन्हात दोनचार उन्हाळ्यांत राखेसारखं होतं. तुम्ही-आम्ही ते पाहतो आणि आपापल्या कामाला लागतो. काकाजींना तसं जमत नाही. "गाडी पांढरी असो, लाल असो, मालकाची मर्जी," ते म्हणतात. "पन काळं ते काळंच पाहिजे."

या शास्त्राचा पाया त्यांनी बूट पॉलिशने घातला. पहिलीच गाडी अशी सुंदर दिसली की शेजारच्या गावचे सरपंच तिच्या दाराला टेकून बराच वेळ फोनवर बोलले, आणि पांढऱ्या पायजम्यावर मागच्या बाजूने आडवा काळा पट्टा घेऊन त्यांनी ग्रामसभा चालवली. सभेत त्यांना कुणी सांगितलं नाही. विरोधकांनी तर मुळीच नाही. मग काकाजींनी मोहाच्या बियांचं तेल लावून पाहिलं. सकाळी उठून बघतात तर आमची गाय त्यांचा बंपर चाटत उभी. मी माफी मागायला लागलो तर मलाच गप्प केलं. "जनावराले आवडलं म्हंजे तेल चांगलं आहे, मेडिकल. फक्त गाडीसाठी नाई."

शेवटी जवसाचं तेल जमलं. आमच्याकडे धान कापायच्या आधी धानाच्या बांधीतल्या ओलीवर लाखोळी आणि जवसाचं बी फेकून ठेवतात. काकाजींचं शेत देवरी रस्त्याला आहे, तिथल्या जवसाचं तेल ते घाण्यावरून काढून आणतात. पूर्वी सुतार बैलगाडीच्या चाकांना हेच तेल पाजायचे, एवढ्या भांडवलावर त्यांनी ते बंपरला पाजलं, आणि ते बसलं. तेव्हापासून कृती ठरलेली आहे. "पयले धू. मंग वाळव. मंग एवढंसं तेल, बोटाले लागन तेवढं. आन मंग पुसून घे! लोक लावते, पुसत नाई. मंग ते चिकटते, त्यावर माती बसते, आन माह्या तेलाले शिव्या देते." तेलाच्या चिंध्या ते कधी गोळा करून ठेवत नाहीत, कारण असा बोळा उन्हात आपोआप पेटतो. त्या एकेक करून दोरीवर पसरवतात. त्यामुळे त्यांच्या अंगणात कायम फाटक्या बनियनींचे तुकडे वाळत असतात आणि नवा पोस्टमन त्यांना फार गरीब समजतो.

एका वर्षात त्यांनी अख्खं गाव काळं करून टाकलं. ढाबेवाल्याची जीप, डॉक्टरांची गाडी, पोलीस ठाण्याची गाडीसुद्धा. पोलिसांनी आधी संशय घेतला, मग चहा पाजला. हे सगळं फुकट. कुणी काही देऊ केलं की काकाजींना राग यायचा. माझ्याही गाडीचं झालं. मी झोपेत होतो, परवानगी कुणी दिली ते अजून कळलेलं नाही.

आता काकूंबद्दल. काकू म्हणजे काकाजींच्या पत्नी, बुटक्या, ताठ आणि तोंडाने तिखट. त्यांना काचबिंदू आहे. हे गावात फक्त मला माहीत होतं, कारण डोळ्यांत टाकायचे थेंब माझ्याच दुकानातून जातात. गेलेली नजर परत येत नाही, उरलेली थेंबांनी धरून ठेवायची, एवढंच हाती असतं. काकूंना माणसांचे चेहरे दिसेनासे झाले होते. ठळक तेवढं दिसायचं, काळं आणि पांढरं. पण ही गोष्ट त्यांना कुणाला कळू द्यायची नव्हती. काकाजींनी एकदा बाजारात हात धरला तर भर रस्त्यात झटकला. "मी काय हरवली का?" गाडीचा हॉर्न वाजवला तर म्हणाल्या, "मले हॉर्न वाजवून बोलवू नोका. मी बैल नाई." काकाजींनी गाडीच्या आरशाला लाल फडकं बांधून पाहिलं, तेही त्यांनी सोडून टाकलं. लोक विचारतील कायले बांधलं, म्हणून.

आणि गंमत म्हणजे त्या कधी चुकत नसत. आठवडी बाजार झाला की थैली घेऊन गाड्यांच्या रांगेकडे यायच्या आणि नेमक्या आपल्या गाडीत जाऊन बसायच्या. काकाजींना वाटायचं, नजर अजून बरीच शिल्लक आहे. मलाही तसंच वाटायचं.

मग ते लग्न आलं. देवरीकडच्या एका लॉनवर पोवारांचं लग्न, म्हणजे पांढऱ्या पडलेल्या बंपरांचा बाजार. काकाजी अक्षता पडायच्या आधीपासून वाहनतळावर होते. जेवणाची पंगत उठली तेव्हा त्यांच्या कोपरापर्यंत तेल होतं आणि दहाएक वऱ्हाड्यांच्या गाड्या नवऱ्यामुलापेक्षा जास्त चमकत होत्या.

काकू जेवून बाहेर आल्या, एका गाडीचं मागचं दार उघडलं आणि बसल्या. गाडी होती नवरदेवाच्या मामाची. मामांना वाटलं, मुलीकडची कुणी वडीलधारी बाई आहे, वाटेत सोडायची असेल. पाहुण्याला विचारणं बरं दिसत नाही, म्हणून त्यांनी गाडी काढली. काकू वाटभर बोलत राहिल्या. वांग्याच्या भाजीत तेल किती होतं, गाडी हळू काऊन चालवत नाई, आणि कपडे खराब केले ते धुणार कोण. मामा प्रत्येक वाक्याला "हो जी" म्हणत होते. काकूंना संशय आला तो यावरूनच. एवढ्या वर्षांच्या संसारात काकाजी लागोपाठ दोनदाही "हो" म्हणाले नव्हते.

"तुमी कोन व्हय जी?" काकूंनी विचारलं.

मामांनी गाडी वळवून त्यांना परत आणून सोडलं. तोवर लॉनवर आरडाओरड सुरू झाली होती आणि काकाजी तेलकट हातांनी विहिरीत वाकून बघत होते. काकू गाडीतून उतरून सगळ्यांसमोर हसल्या. "झोप लागली जी मले. ज्या गाडीत सावली दिसली तिच्यात बसली." लोकही हसले. नवरदेवाच्या मामांचा किस्सा त्या लग्नाच्या जेवणापेक्षा जास्त दिवस चालला.

त्यानंतर काकूंनी बाजार सोडला. गुडघे दुखतात म्हणाल्या. ज्या बाईने जन्मभर वांगं दाबून, नखाने देठ खरवडून घेतलं, ती काकाजींनी आणलेली किडकी वांगी न बोलता चिरू लागली. हे न बोलणं मला आमच्या घरापर्यंत ऐकू यायचं. मंदिर बंद झालं, हळदीकुंकू बंद झालं. दिवसभर ओसरीवर बसून असायच्या.

एकदा थेंब द्यायला मीच घरी गेलो. काकाजी शेतावर होते. काकू म्हणाल्या, "मेडिकल, तुले सांगतो, कोनाले सांगू नको. रांगेत आपलीच गाडी तेवढी काळी दिसे. बाकी समद्या भुरक्या. मी काळं पाहून बसत होती. गावच्या गाड्या काळ्या व्हाले लागल्या तवा गाडीची जागा ध्यानात ठेवून चालवलं. आता यायनं समद्याच गाड्या काळ्या करून ठेवल्या. आता मी कुठं जाऊ?" रागावून बोलल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या अगदी साधेपणाने बोलल्या, आणि मला त्यांच्याकडे बघवेना.

कोणाला सांगू नको म्हणाल्या होत्या. मी काकाजींना सांगितलं. ते दुकानाच्या पायरीवर बसले होते. ऐकून घेतलं, समोर एक ट्रक गेला, दुसरा गेला, तिसऱ्याच्या बंपरकडेही त्यांनी पाहिलं नाही. मग उठले आणि हार्डवेअरच्या दुकानातून टर्पेंटाइनचा डबा घेऊन गेले.

पुढचे काही दिवस ते स्वतःच्या गाडीमागे लागले होते. आम्हाला वाटलं, नवी कृती असेल. पण ते उलटं करत होते. घासून घासून तेल काढलं, साबणाने धुतलं, सोड्याने धुतलं, आणि गाडी सावलीतून काढून भर उन्हात लावली. सावलीसाठी कडुनिंब असताना. तेलाखालचं जुनं पांढरं वर आलं, उरलेलं काम उन्हाने केलं. बाजाराच्या दिवशी गाडी बाहेर निघाली तेव्हा तिच्यावर काळं असं काही उरलं नव्हतं. बंपर, पट्ट्या, आरसे, सगळं राखुंडीच्या रंगाचं. काळ्याभोर रांगेत ती एकटी अशी उभी होती की माझ्याही डोळ्यांना टोचली.

गाव सोडतं थोडंच? "काकाजी, जवस संपला का?" "काकाजी, दिव्याखाली अंधार!" पोलीस शिपायानेसुद्धा गाडी थांबवून विचारपूस केली. काकाजी सगळ्यांना एकच सांगायचे, "आळस आला जी. वय झालं." ज्या माणसाला आयुष्यात कुणी आळशी म्हटलं नव्हतं तो हे हसत सांगायचा. काकूंच्या डोळ्यांचा विषय कुणाच्या मनातही आला नाही.

ढाबेवाला मात्र उपकार फेडणारा माणूस निघाला. पुढच्या बाजाराला, काकू गुडघ्यांचं नाव न काढता पुन्हा थैली घेऊन भाजीकडे गेल्या असताना, त्याने तेलाची बाटली आणि फडकं आणलं आणि काकाजींच्या बंपरला सुरुवातही केली. काकाजी माझ्या दुकानातून धावत सुटले. "हात लावू नको! हात लावू नको म्हनतो ना!" ढाबेवाला फडकं टाकून मागे सरला. लागलेलं तेल काकाजींनी स्वतःच्या सदऱ्याच्या टोकाने पुसून काढलं. लोक एकमेकांकडे बघू लागले, की म्हातारा कामातून गेला.

काकाजी परत आले ते धापा टाकत. माझ्या काउंटरपाशी आले आणि रस्त्याकडे पाठ करून उभे राहिले.

"पाय तं, मेडिकल. येऊन राहिली का?"

काकू येत होत्या. वांग्यांची थैली हातात, मान ताठ. रांगेच्या तोंडाशी क्षणभर थांबल्या. मग डॉक्टरांची गाडी ओलांडली, ढाबेवाल्याची जीप ओलांडली, आणखी दोन ओलांडल्या, आणि रांगेतल्या एकुलत्या भुरक्या गाडीचं दार उघडलं.

"बसल्या," मी म्हणालो.

"स्वतःच बसली ना? कोनी हात नाई धरला?"

"नाही."

तरी ते लगेच निघाले नाहीत. समोरची खोकल्याची बाटली उचलून तिच्यावरचं सगळं वाचत उभे राहिले, बाईमाणसाला वाटू नये की कुणी पाळतीवर होतं. मग सदरा झटकत गाडीकडे गेले. दार उघडताच काकूंचा आवाज रस्ताभर ऐकू आला.

"गाडी पाहा केवढी पांढरी पडली! समदे लोक हासून राहिले. कधी करता काळी?"

"उद्या करतो," काकाजी म्हणाले आणि गाडी सुरू केली.