सॅन फ्रान्सिस्कोचा केर

सकाळी साडेसातला यादोरावांनी तिकिटाचा कागद डोळ्यांपासून हातभर लांब धरला आणि जाहीर केलं, "पोचला चंद्रकुमार! झाड आता घर."

घरातलं माणूस प्रवासाला निघालं की ते पोचेपर्यंत केर काढायचा नाही, हा कुंताबाईंचा नियम. सिहोऱ्याहून नागपूरपर्यंतच जाणं होतं, तोवर हे सगळं तीन तासांत आटपायचं. यावेळी मात्र पोरगा दिल्लीहून सॅन फ्रान्सिस्कोला निघाला होता, आणि इकडे अकराला धाकट्या लेकीला, हर्षाला, बघायला शहापूरचे पाहुणे येणार होते. हर्षाला मुलाचा फोटो फार आवडला होता, फक्त तिनं तसं कुणाला सांगितलं नव्हतं. आदल्या दिवशी निरोप द्यायला आलेल्यांनी सांडलेला चिवडा आणि शेंगांची टरफलं बैठकीत तशीच पडून होती. कुंताबाईंचा जीव नुसता वरखाली होत होता. नवऱ्याचा शब्द कानावर पडताच त्यांनी घर लख्ख झाडलं आणि केर मागच्या उकिरड्यावर टाकला.

हर्षा न्हाऊन आली आणि जागीच थबकली. "आई, केर काहून काढला? दादा तं विमानातच हाये!"

"तिकिटावर लिवलं हाये ना," यादोराव म्हणाले. "निघाला चारले, पोचला साडेसातले."

"बाबा, ते तिकडचे साडेसात! साडेबारा हजार किलोमीटर हाये ते. सोळा तास लागतेत. आत्ता कुठं चीनवर असन."

कुंताबाई मटकन खाली बसल्या. "पोरगा अधांतरी, अन् म्या घर झाडलं! आणा तो केर वापस!"

"वापस?"

"जसा होता तसा!"

तिघंही उकिरड्यावर गेले. कांद्याची सालं शेजारच्या बेबीबाईंची निघाली, ती कुंताबाईंनी एकेक करून बाजूला काढायला लावली. परक्याचा केर त्यांना चालणार नव्हता. एवढं निवडल्यावर आपला केर त्यांना कमी वाटू लागला. यादोरावांनी वैतागून गोठ्यातलं मूठभर भाताचं तणस त्यात घातलं. ते बैठकीत पसरत असतानाच दारात गाडी थांबली. पाहुणे तासभर आधीच आले होते.

मुलाची आई शकुनबाई उंबऱ्यातच थांबल्या. पायाखाली टरफलं आणि समोर सुपात केर घेतलेले यजमान! मागे उभा असलेला निकेश, म्हणजे नवरा मुलगा, जोरात शिंकला. आतल्या खोलीत हर्षाला रडू फुटलं.

"हे का होय वो?" शकुनबाईंनी विचारलं.

कुंताबाईंना खोटं सुचेना. त्यांनी दिल्ली, किलोमीटर, सोळा तास, सगळं सांगून टाकलं. शकुनबाईंनी टरफलं चुकवत पुढे येऊन त्यांचे दोन्ही हात धरले.

"बाई, मले वाटे असा नेम पारणारी मीच एकटी हावो! माहा निकेश औषधाच्या कंपनीत, महिन्याचे पंचवीस दिवस फिरतीवर. आज गोंदिया, उद्या चंद्रपूर. माह्या घरी झाडूले मुहूर्तच भेटत नाही. आमाले पोरगी पसंत हाये!"

हर्षाचं रडू थांबलं. मग पुढचं सगळं आयुष्य तिच्या डोळ्यांपुढे आलं. पोह्यांची बशी देताना तिनं निकेशला हळूच विचारलं, "नोकरी फिरतीचीच राहणार हाये का?"

"ऑफिसात बसाची बदली मागितली हाये," तो नाक पुसत कुजबुजला. "साहेबाले खरं कारण सांगता आलं नाही. तुमाले सांगाची गरज नाही."

हर्षा हसली आणि त्याच्या बशीत आणखी पोहे वाढून आत गेली.