रुमाल, वाटी आणि दुसरी हार्ड डिस्क

श्रद्धाने वाटीवर रुमाल टाकला आणि श्वास रोखून मैत्रेयीकडे पाहिलं. मैत्रेयीने रुमालाकडे पाहिलं, मग आईकडे पाहिलं आणि शांतपणे स्वतःच्या पायाचा अंगठा तोंडात घातला.

"बघ. नाही शोधत ही."

"अंगठा सापडला ना तिला," कॉम्प्युटरच्या डब्यामागून तिचा नवरा अंबरीश म्हणाला. डबा सतरंजीवर उघडा पडला होता आणि अंबरीश निम्मा त्याच्या आत होता.

"मस्करी नको करू यार. या वयात मुलांना कळायला पाहिजे की वस्तू झाकली तरी तिथेच असते. मी वाचलंय. आठवडाभर रोज करून राहिले, आणि रोज हिचा अंगठा."

"रिकामी वाटी आहे ती, श्रद्धा. मीपण नसती शोधली."

श्रद्धाने मोबाईल काढून अंगठा चोखणाऱ्या मुलीचा फोटो घेतला. डॉक्टरांना दाखवायला असावा म्हणून.

खरं म्हणजे सगळं सुरू झालं ते या सवयीमुळेच. मुलीच्या अंगावर पुरळ आलं की श्रद्धा त्याचा समोरून एक, बाजूने एक आणि खिडकीच्या उजेडात एक असे फोटो घ्यायची. मोबाईल भरला की अंबरीश सगळं घरच्या कॉम्प्युटरवर 'मैत्रेयी' नावाच्या फोल्डरमध्ये टाकायचा आणि मोबाईल पुसून द्यायचा. इंटरनेटवर कुठे ठेवायला तो तयार नव्हता. काही लोक "आम्ही बाहेरचं पीठ आणत नाही" असं ज्या अभिमानाने सांगतात, त्याच अभिमानाने तो सांगायचा, "आपला डेटा आपल्या घरात. आणि घरात लिनक्स."

आता घर भरलं होतं. सकाळपासून पडद्याच्या कोपऱ्यात एक लाल चौकोन उगवत होता, 'डिस्कवर जागा शिल्लक नाही.' तो बंद केला की थोड्या वेळाने पुन्हा यायचा. उद्या मैत्रेयीचा पहिला वाढदिवस. सिहोऱ्याहून वसुधाआत्या येणार, चेरीताल मोहल्ल्यातली निम्मी मराठी मंडळी येणार, आणि टीव्हीवर वर्षभराचे फोटो लागणार होते.

"जुनी डिस्क फोटोंनी भरली आहे, म्हणून दुसरी लावायची. अर्ध्या तासाचं काम," अंबरीश सकाळी म्हणाला होता. आता दुपारच्या चहाची वेळ टळून गेली होती.

दुसरी डिस्क वरच्या मजल्यावरून आली होती, म्हणजे धाकट्या भावाकडून. गौरांग घरूनच नोकरी करायचा आणि बीएसडी वापरायचा. लिनक्स आणि बीएसडी, कॉम्प्युटर चालवणाऱ्या दोन प्रणाली, सख्खे चुलत भाऊ असावेत इतके सारखे दिसतात. म्हणूनच बहुधा त्यांच्या माणसांचं एकमेकांशी पटत नाही.

"भैया, तुझ्या लिनक्सला डिस्क दिसतच नाही का?" गौरांग जिन्यात बसून विचारत होता. "बीएसडीला एका सेकंदात दिसली असती."

"तुझी डिस्कच मेलेली असेल."

"काल जिवंत होती. तुझ्या हातात आली आणि..."

"अगं बाई, काय घातलं तोंडात!" श्रद्धा ओरडली. मैत्रेयीच्या तोंडातून एक काळी वायर बाहेर लोंबत होती. श्रद्धाने ती काढली, बोटाने हिरड्या तपासल्या, ओल्या फडक्याने जीभ पुसली. मग वायरचं दुसरं टोक कुठे जातं ते पाहत गेली तर ते कॉम्प्युटरच्या पोटात निघालं.

"ही डिस्कची वीज आहे ना रे?"

दोघा भावांनी एकदमच वायरला हात घातला.

वायर पुसून लावली तेव्हा डिस्क दिसली, पण उघडेना. लिनक्सने कळवलं की या डिस्कवरची रचना त्याला ओळखता येत नाही.

"बीएसडीत बनवलेली आहे ना," अंबरीश म्हणाला. "हिला आपली भाषाच येत नाही."

"तिला येते. तुझ्या लिनक्सला येत नाही. अडाणी कोण झालं?"

हे भांडण पलंगावर पडून ऐकणारे भय्यासाहेब, दोघांचे वडील, फॅक्टरीतल्या इन्स्पेक्शनमधून निवृत्त झाले होते. माल पास किंवा फेल, यापलीकडे तिसरी अवस्था त्यांना ठाऊक नव्हती.

"पास होत नाही तर वितळवा आणि नवीन ओता," ते म्हणाले.

तेच ठरलं. गौरांगने आपलं सामान वरच्या मशीनमध्ये काढून घेतलं आणि अंबरीशने डिस्क कोरी करून लिनक्सच्या पद्धतीने नव्याने तयार केली. मग एकच पायरी उरली.

"आता माउंट करायची," तो श्रद्धाला समजावू लागला. "म्हणजे डिस्कला एका फोल्डरवर बसवायचं. मग ते फोल्डर उघडलं की आपण सरळ डिस्कच्या आत. कोणत्या फोल्डरवर बसवू?"

"मला काय माहीत? फोटो मैत्रेयीत आहेत, मैत्रेयीवरच बसव."

"करेक्ट!" अंबरीशने तशी आज्ञा लिहिली. कॉम्प्युटर चालू केला की दर वेळी डिस्क आपोआप बसेल अशी व्यवस्थाही केली. मग मोठ्या समाधानाने 'मैत्रेयी' उघडलं.

आत एकही फोटो नव्हता.

आत इंग्रजी नावाचं एकुलतं एक फोल्डर होतं. भय्यासाहेबांनी चष्मा लावून वाचलं. "लॉस्ट, फाउंड. म्हणजे हरवलेलं सापडेल! स्टेशनवर असतं तसं. मग बसलात काहून? तिथे विचारा ना."

अंबरीशने त्यावर क्लिक केलं. 'हे फोल्डर उघडण्याची तुम्हाला परवानगी नाही.'

"आपल्या घरात आपल्यालाच परवानगी नाही?" भय्यासाहेब पलंगावर उठून बसले. "बोलाव त्याच्या साहेबाला!"

"बाबा, ते रिकामंच असतं," गौरांग म्हणाला. मग आवाज उतरवून म्हणाला, "भैया, कोरी करताना तू नक्की नवीन डिस्कच निवडली होती ना? डिस्कची नावं पक्की नसतात. जी आधी जागी होते तिला पहिलं नाव मिळतं. वायर काढून लावली आपण. जुनीच तर नाही ना कोरी झाली?"

अंबरीशने कॉम्प्युटर बंद करून चालू केला. फोल्डर रिकामं. पुन्हा बंद, पुन्हा चालू. तेच. मेमरी कार्डं दुरुस्त करणाऱ्या सचिनला फोन लावला, तर तो पलीकडून म्हणाला, "भैया, अब हाथ मत लगाना. जितना हाथ लगाओगे, उतना मिटेगा." भय्यासाहेबांनी ते ऐकलं, खुर्ची ओढून कॉम्प्युटरसमोर मांडली आणि काठी आडवी धरून पहाऱ्याला बसले.

एवढ्यात वसुधाआत्याचा फोन आला आणि बातमी सिहोऱ्याला पोचली.

"अग्गोबाई! सगळे गेले? थांब, माझ्याकडे बारशाचे आहेत, पाठवते."

आत्याने भरभरून पाठवले. एकूणएक फोटोत आत्याची जांभळी साडी होती. एकात साडीच्या काठाखालून पाळण्यातलं एक पाऊल दिसत होतं.

श्रद्धा ते पाऊल पाहत बसली. बारशाचं जाऊ दे. जन्मल्यावर मैत्रेयी आठवडाभर दवाखान्यात काचेच्या पेटीत होती आणि श्रद्धा वरच्या मजल्यावर सलाईन लावून पडली होती. अंबरीश काचेतून फोटो घ्यायचा आणि धावत जिना चढून दाखवायचा. 'बघ, आज डोळे उघडले. बघ, आज मूठ आवळली.' त्या आठवड्यात तिने मुलीला पाहिलं ते एवढंच. पुरळ पुन्हा येईल, पावलं रोजच टाकेल ती. पण तो आठवडा त्या फोटोंशिवाय दुसरीकडे कुठेच नव्हता.

"काचेच्या पेटीतलेपण गेले का रे?" तिने हळूच विचारलं.

"बीएसडी असतं तर..." गौरांगने सुरुवात केली आणि भावाकडे पाहून वाक्य गिळलं.

श्रद्धाने डोळे पुसले आणि सवयीने सगळीकडे नजर फिरवली. मुलगी सतरंजीवर, वायर तिच्यापासून लांब, स्क्रूड्रायव्हर उंचावर. पडद्याच्या कोपऱ्यात लाल चौकोन.

"हे काय लिहिलंय?"

"तेच ते, जागा शिल्लक नाही. सकाळपासून येऊन राहिलंय."

"कुठल्या डिस्कवर?"

"जुन्या."

"जुनी कशाने भरली होती?"

"फोटोंनी. सांगितलं ना तुला."

"मग फोटो गेले तर ती रिकामी व्हायला पाहिजे," श्रद्धा म्हणाली. "पोरीचं पोट अजून टम्म आहे म्हणजे दूध आतच आहे ना?"

भावांनी पडद्याकडे पाहिलं, मग एकमेकांकडे. श्रद्धाने सतरंजीवरची वाटी उचलून मधोमध ठेवली.

"हे मैत्रेयीचं फोल्डर. आत फोटो होते. बरोबर? आणि तुम्ही त्याच्यावर नवीन डिस्क बसवली." तिने वाटीवर रुमाल टाकला. "आता वरून बघाल तर काय दिसेल?"

"रुमाल," अंबरीश पुटपुटला.

"कोरा रुमाल," भय्यासाहेब म्हणाले.

"आणि बंद करून चालू केलं तर?"

"पुन्हा रुमालच," गौरांग म्हणाला. "कारण भैयाने तो आपोआप पडायची सोय करून ठेवली आहे."

"वाटी कुठे गेली?"

अंबरीशने खुर्चीतल्या वडिलांची काठी हळूच बाजूला केली, एक ओळ लिहिली आणि नवीन डिस्क फोल्डरवरून उतरवली.

फोटो धबाधबा पडद्यावर आले. पुरळ समोरून, पुरळ बाजूने, पुरळ खिडकीच्या उजेडात. श्रद्धाने माउस हातात घेतला आणि तळापर्यंत गेली. तिथे काचेच्या पेटीत, मूठ आवळून, मैत्रेयी होती.

"पास!" भय्यासाहेबांनी काठी जमिनीवर आपटली.

"गौरांग," अंबरीशने घाम पुसत विचारलं, "बीएसडीवर काय झालं असतं रे?"

गौरांग जिन्याच्या कठड्याशी खेळू लागला. "असंच झालं असतं," तो शेवटी म्हणाला.

मग घरात एकदम उजेड आला. नवी डिस्क दुसऱ्या रिकाम्या फोल्डरवर बसवली, फोटोंची एक प्रत तिच्यावर जायला लागली. श्रद्धाने रुमाल झटकून बाजूला टाकला, वाटी उचलून स्वयंपाकघरात नेली आणि चहा ठेवला. भय्यासाहेबांनी उद्याच्या खोव्याच्या जलेबीचा विषय काढला.

"आत्याला सांगायला पाहिजे, नाहीतर ती अजून साड्या पाठवेल," अंबरीश म्हणाला. "माझा मोबाईल कुठे आहे?"

खिसे पाहिले. टेबल पाहिलं. गौरांगने फोन लावला. घंटी जात होती, पण अंबरीशने दुपारी आवाज बंद केला होता. भय्यासाहेब काठीने पलंगाखाली ढोसून पाहू लागले. अंबरीशने कॉम्प्युटरच्या डब्यात हात घातला.

"इथेच होता यार, सतरंजीवर! गेला कुठे?"

श्रद्धा चहाचा ट्रे घेऊन दारात आली. सतरंजीवर, तिने मघाशी झटकून टाकलेला रुमाल एका जागी जरा उंच, चौकोनी दिसत होता. ती सांगणारच होती, पण थांबली.

मैत्रेयी रांगत निघाली. बाबांच्या पायांमधून गेली, काकाला वळसा घातला, रुमालाशी बसली. एका हाताने तो ओढून फेकला आणि खालचा मोबाईल उचलून तोंडात घातला.

तिघे पुरुष अजून पलंगाखाली आणि डब्यात पाहत होते.

श्रद्धाच्या मनावरचं आठवडाभराचं ओझं त्या क्षणी उतरलं. मुलीचं सगळं वेळेवर होतं. आता डॉक्टरांना विचारायचंच झालं तर नवऱ्याबद्दल विचारावं लागणार होतं.