समृद्धीच्या पेल्याची फॅट

धर्माजींच्या गोठ्यात दोन जर्सी गाई, आणि त्यांची सख्खी नात पिशवीतलं दूध मागत होती. बोरी बुद्रुकात याहून मोठी नाचक्की कुणाची झाली नसेल, असं निदान धर्माजींना तरी वाटत होतं.

लेक आरती महिनाभर माहेरी आली होती. तिची समृद्धी अडीच वर्षांची. नात येणार म्हणून धर्माजींनी गोठा धुऊन लख्ख केला, गाईंना चार घास जास्तीचे घातले. आजोबांनी द्यायचं तरी काय? पुण्यात खेळण्यांचा ढीग, कपड्यांचा ढीग. दूध तेवढं आपलं. आणि पोरीनं पहिलाच घोट आरतीच्या ओढणीवर सोडून दिला.

"वास येतो," समृद्धी म्हणाली.

"अगं, त्यो दुधाचाच वास हाय! दुधाला काय केवड्याचा वास येणार व्हय?"

"आप्पा, तिला पिशवीतल्या दुधाची सवय आहे हो," आरती ओढणी पुसत म्हणाली.

"पिशवीत तरी कुठनं येतं? आपलंच टँकरनं जातं न् पिशवीत बसून माघारी येतं," आरतीची आई धोंडाबाई स्वयंपाकघरातून म्हणाल्या. "जावा, आणा नातीला पिशवी. रुसून बसायला ती काय तुमची विहीण हाय?"

धर्माजी रुसलेच होते. पण पोरगी दुधाला शिवेना, दोन दिवस नुसत्या बिस्किटावर राहिली, तेव्हा त्यांचा जीव कासावीस झाला. त्यांनी ओतूरला जायला टोपी चढवली.

"साधं दूध आणा हं आप्पा," आरतीनं बजावलं. "पाश्चराइज्ड. साखर, रंग, वास काही घातलेलं नको. डॉक्टरांनी सांगितलंय. मागचं बारीक अक्षर वाचून घ्या."

बारीक अक्षर वाचायचं म्हणजे चष्मा लागतो, आणि चष्मा राहिला घरच्या कोनाड्यात. ओतूरच्या दुकानदारानं फ्रिज उघडला तर आत दुधाचं संमेलनच भरलेलं. निळी पिशवी, हिरवी पिशवी, केशरी पिशवी, आणि एक खोकं. खोक्यावर उड्या मारणारं वासरू.

"ल्हान पोरास्नी कंचं चांगलं?" धर्माजींनी विचारलं.

"सगळीच चांगली, बाबा. पण पोरं हे खोकं सोडत नाहीत बघा."

असल्या उत्तरावर धर्माजी कशाला विश्वास ठेवतील? ज्याला विकायचंय त्याचं सगळंच चांगलं. त्यांनी प्रत्येकातलं एकेक घेतलं. उभ्या जन्मात त्यांना दुधाची एकच पारख ठाऊक होती. दूध डेअरीत न्यायचं, मशीनला लावायचं, फॅट बघायची. माणसाच्या शब्दावर जायचं नाही. मग नातीच्या दुधाला वेगळा न्याय कशाला? ते एसटीतून उतरले ते पिशव्या घेऊन थेट गावच्या दूध संकलन केंद्रावर गेले आणि संध्याकाळच्या रांगेत उभे राहिले.

फॅट काढणारा संपत कामात गर्क होता. त्यानं निळी पिशवी बघितली आणि धर्माजींकडे बघितलं.

"हे काय, धर्माजीभाऊ?"

"इचारू नगं. फॅट सांग."

निळीची फॅट तीन निघाली. हिरवीची दीड. केशरीची सहा निघाली तशी मागची रांग कुजबुजायला लागली. मग संपतनं खोकं फोडून कपात ओतलं. चॉकलेटी दूध! मशीननं बराच वेळ विचार केला आणि असा काही आकडा दाखवला की संपत पुढं वाकून बघायला लागला.

"साखर हाय की ह्यात, राव! गाय उसाच्या फडात बांधली व्हती का काय?"

सगळी रांग खो खो हसली. संपतही हसला, आणि हसता हसता त्याच्या हातानं रोजचं काम केलं. फॅट झाली की उरलेलं दूध कॅनमध्ये. वर्षानुवर्षांची सवय ती, हात थोडाच विचारून चालतो? खोकं कॅनमध्ये रिकामं झालं आणि वरच्या फेसावर चॉकलेटी नक्षी उठली.

हसू जिथल्या तिथं थांबलं. दुधात साखर म्हणजे भेसळ, हे तिथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक. डेअरीचे चेअरमन चिमाजी रांगेतच होते. त्यांनी कॅनमध्ये डोकावून पाहिलं.

"ह्यो कॅन गाडीत चढायचा न्हाई. धर्माजी, घरी न्यावा तुमी."

"अरं, मी फकस्त फॅट बघाया आल्तो!"

"फॅट बघायाच येत्यात समदी. डेअरीला पिशवीचं दूध घिऊन येणारा मातुर पयलाच बघितला."

तो कॅन घरी आल्यावर धोंडाबाईंनी कपाळावर हात मारला आणि मोठं पातेलं चढवलं. दूध आटवून बासुंदी केली, गल्लीत वाटली. चिमाजींनी दोन वाट्या ओरपल्या. पण बासुंदीच्या आधी बातमी घराघरात पोचली होती. धर्माजींच्या गाई आटल्यात म्हणे. ओतूरवरनं पिशव्या आणून डेअरीला घालतो म्हणे. दारातल्या उकिरड्यावर फाटक्या पिशव्या पडलेल्या, मग पुरावा आणखी कसला हवा?

"सकाळच्याला समद्यांम्होरं तुमच्या दुधाची तपासणी," मिशीला लागलेली बासुंदी पुसत चिमाजी म्हणाले. "नियम म्हंजे नियम. कमीजास्त निघालं तर दूध बंद."

आयुष्यात दुधात पाण्याचा थेंब घातला नव्हता त्यांनी. आता गाव आपल्याला चोर म्हणणार, आणि ज्या पोरीपायी हे रामायण झालं ती अजून उपाशीच. आरतीनं त्यांच्यासमोरच निळ्या पिशवीवरचं बारीक अक्षर वाचलं, "हे चालेल," म्हणाली, दूध उकळून पेल्यात दिलं. पोरीनं तेही ढकललं. तिला आता काहीच नको होतं. धर्माजींना वाईट वाटलं, आणि खरं सांगायचं तर मनातल्या मनात जरासं बरंही वाटलं. मग त्या बरं वाटण्याची लाजही वाटली.

सकाळी ते किटली घेऊन निघाले तर समृद्धी त्यांचं धोतर धरून मागं. तिच्या मागं आरती, हातात उकळून गार केलेल्या घरच्या दुधाचा पेला. "एकच घोट, बाळा," असं म्हणत ती डेअरीपर्यंत आली.

केंद्रावर ही गर्दी! संपतनं किटलीतलं दूध कपात घेतलं, मशीनला लावलं. सगळ्यांच्या माना मशीनकडे वळल्या. समृद्धीही आजोबांचं धोतर धरून टाचा उंचावून बघायला लागली. मशीनवर लाल आकडे पळाले आणि थांबले.

"चार पॉइंट दोन!" संपत ओरडला. "एक नंबर दूध हाय, चेअरमन!"

"व्वा, धर्माजी!" रांगेतून आवाज उठला. काल चोर म्हणणारेच आज पाठ थोपटायला पुढं. चिमाजींनी घसा खाकरला आणि म्हणाले, "मला ठावंच व्हतं." धर्माजींनी उपरण्यानं डोळे टिपले.

तेवढ्यात खालून आवाज आला. "माझी पण!"

समृद्धीनं आईच्या हातातला पेला ओढून वर धरला होता. संपतनं चिमाजींकडे बघितलं. चिमाजींनी मान डोलावली. पेल्यातलं थोडं दूध धुतलेल्या कपात गेलं, मशीनला लागलं.

"चार पॉइंट दोन! समृद्धीताई, एक नंबर!"

"व्वा!" अख्खी रांग ओरडली.

पोरीनं चौफेर बघितलं आणि पेला तोंडाला लावून गटागट संपवला. ओठांवर पांढरी मिशी. आरती बघतच राहिली, आणि धर्माजींना हसावं की रडावं कळेना.

त्यानंतर मुक्काम संपेपर्यंत दोन्ही वेळेला समृद्धीचा पेला रांगेत लागायचा. फॅट झाल्याशिवाय ती घोट घेत नसे. मग एक दिवस मायलेकी पुण्याला गेल्या आणि गोठा सुनासुना झाला.

दुसऱ्या दिवशी सकाळीच आरतीचा व्हिडिओ कॉल. "आप्पा, काहीतरी करा! पीतच नाही. साधीच पिशवी आणलीय, निळी. पण तिला फॅट पाहिजे!"

पडद्यावर एक पेला अगदी जवळ आला. मागून दोन डोळे.

धर्माजींनी पेल्याकडे निरखून बघितलं. खरं बोलायची सवय. "तीन," ते म्हणाले.

"नाय!" पेला बाजूला झाला. "चार!"

धर्माजी घुटमळले. ज्या माणसानं गावापुढं आपलं दूध तपासून घेतलं, कधी एका थेंबाची लबाडी केली नाही, त्यानं आता काय करावं? त्यांनी डोळे बारीक केले, मशीनसारखा थोडा वेळ घेतला आणि ठणकावून सांगितलं, "चार पॉइंट दोन! एक नंबर!"

पेला वर गेला. गटागट पिण्याचा आवाज बोरी बुद्रुकापर्यंत आला.

"रोज खोटं बोलणार का आता?" धोंडाबाई मागून म्हणाल्या.

"गप गं," धर्माजी फोनवरची नजर न काढता म्हणाले. "पिऊ दे तिला आधी."