अक्का घर बघायला येतात

आमच्या गल्लीतलं जवळजवळ प्रत्येक घर अक्कांनी विकत घ्यायला म्हणून बघितलं आहे. घेतलं एकही नाही. घ्यायचं नव्हतंच.

धुळ्याला देवपुरात शिक्षकांनी सोसायटी करून बांधलेल्या बैठ्या घरांची ही गल्ली. आता शिक्षक थकले, मुलं पुण्या-नाशिकला गेली, आणि एकेक घर विकायला निघालं. तेव्हापासून तिथे एक शिरस्ता पडला आहे. घर विकायचं ठरलं की दलालाच्या आधी अक्कांना सांगायचं. मग अक्का एका दुपारी गिऱ्हाईक होऊन येतात. ठेवणीतली साडी, काखेत पर्स, डोळ्यांवर एरवी न लावलेला चष्मा. त्यांचं घर आमच्या घराला लागून आहे, पण त्या सरळ फाटकातून येत नाहीत. आधी कोपऱ्यावरच्या पिठाच्या गिरणीपर्यंत जातात आणि तिथून घरांचे नंबर वाचत परत येतात. मी कारण विचारलं होतं. गिऱ्हाईक काही शेजारच्या भिंतीवरून डोकावून येत नाही, असं उत्तर मिळालं.

आत आल्यावर त्या भिंती वाजवतात, नळ सोडतात, संडासात पाणी ओतून किती वेळात जातं ते बघतात. आणि त्या शुद्ध बोलतात. एरवी अक्कांच्या तोंडी अहिराणी असते. नगरपालिकेच्या शाळेत पहिली-दुसरीला त्यांनी आयुष्यभर शिकवलं ते पुस्तकी मराठीत, पण घरी येऊन पदर खोचला की अहिराणी. गिऱ्हाईक झाल्या की मात्र "स्वयंपाकघर जरा अंधारंच वाटतं, नाही का?" असं सदाशिव पेठेतून आल्यासारखं विचारतात.

चौधरी सरांच्या घरी त्यांनी हेच वाक्य टाकलं. सर चित्रकलेचे, स्वभावाने गरीब. बाईंना मात्र ते लागलं. याच स्वयंपाकघरात मी दोन पोरी वाढवल्या, तुम्हाला अंधार वाटत असेल तर घेऊ नका, असं त्या तडकून म्हणाल्या. अक्कांनी चष्मा काढून पर्समध्ये ठेवला.

"झालं," त्या म्हणाल्या. "गिऱ्हाईक गयं."

मग बाईंना समोर बसवून समजावलं. गिऱ्हाईक खोड काढणारच. तो खोड काढतो म्हणजे घर त्याला आवडलं आहे. न आवडलेल्या घराला कोणी नावं ठेवत नाही, चहा पिऊन निघून जातो. अशा वेळी मालकाने एवढंच म्हणावं की हो, खिडकी लहान आहे, मोठी करता येईल. आणि गप्प बसावं. चौधरीबाईंची त्यानंतर आणखी दोनदा तालीम झाली. खरं गिऱ्हाईक आलं तेव्हा त्या इतक्या गप्प बसल्या की त्या माणसाने सरांना हळूच विचारलं, बाईंना ऐकायला कमी येतं का?

"गिऱ्हाईक बघी ऱ्हायनं", म्हणजे गिऱ्हाईक बघतंय, हे अक्कांचं पालुपद. फाटकाला गंज चढलेला दिसला की म्हणणार, गिऱ्हाईक बघी ऱ्हायनं. पण ते घरापुरतं राहिलं नाही. एका लग्नात नवरीचा बाप मांडवात घामाघूम होऊन भांडत होता, त्याच्या कानाशी जाऊनही त्या तेच म्हणाल्या. दवाखान्यात भावजयीला भेटायला गेल्या तेव्हा आधी खाटेमागची भिंत वाजवली आणि नर्सला सांगितलं की इथे ओल आहे, पेशंट हलवा.

माझी पाळी आली ती आई गेल्यानंतर दीड वर्षाने. मी जळगावला कॉलेजच्या ग्रंथालयात असतो. वडील लवकर गेले होते. आई देवपुरात एकटी राहायची आणि शेजारी अक्का. आई गेल्यावर मी दर रविवारी बसने यायचो, कुलूप काढायचो, खिडक्या उघडून बसायचो, संध्याकाळी बंद करून परत जायचो. बंद घराला वाळवी लागते. न्हाणीघराच्या चौकटीला ती लागलीच. एका रविवारी ती माती हाताने झाडली आणि अक्कांकडे जाऊन सांगितलं की घर विकायचं आहे. त्या गहू निवडत होत्या. त्यांनी दोन खडे वेचून बाजूला टाकले. मग म्हणाल्या, पुढच्या रविवारी गिऱ्हाईक येईल, घरी थांब.

आल्या, बघितलं, आणि चष्मा काढून माझी शाळा घेतली. आधी कागद, मग रंग. सिटी सर्व्हेच्या उताऱ्यावर अजून आईचंच नाव असेल तर वारसनोंद करून घे, सोसायटीचा ना-हरकत दाखला काढ, घरपट्टी आणि विजेची बिलं एका पिशवीत ठेव. बिजागऱ्यांना तेल. गळणारा नळ आधी, कारण माणूस फरशी विसरतो पण टपटप विसरत नाही. न्हाणीघराची चौकट बदल, आणि का बदलली ते गिऱ्हाईकाला स्वतः सांग. गिऱ्हाईक यायचं त्या दिवशी शेजारीपाजारी कोणी मिरच्या तळू नयेत, हे कारण न सांगता बघायचं काम त्यांनी स्वतःकडे घेतलं. चौधरींकडे पहिलं गिऱ्हाईक आलं तेव्हा पलीकडे ठेच्याच्या मिरच्या तव्यावर पडल्या होत्या, आणि ते कुटुंब खोकत खोकत जे गेलं ते परत आलं नाही.

पाण्याचं मी विचारलं. आमच्याकडे नळाला काही दिवसांआड पाणी येतं. ज्या दिवशी पाणी येतं त्याच दिवशी गिऱ्हाईक बोलवावं का, असं माझ्या मनात होतं. अक्का रागावल्या. पाणी लपवून घर विकायचं नाही. टाकी भरलेली दाखव आणि किती दिवसांआड येतं तेही सांग. राहायला आलेला माणूस शिव्या देतो त्या शेजाऱ्याला ऐकू येतात, तू जळगावला जाशील.

सामान अर्धं काढायचं होतं. आईचे स्टीलचे डबे, गोधड्या, पापडाचं पोळपाट, माझी शाळेपासूनची पुस्तकं. अक्का प्रत्येक वस्तू उचलून दाखवायच्या आणि मी सांगायचं, न्यायची, द्यायची की भंगार. पुस्तकांपाशी मी रेंगाळलो की त्या भिंतीकडे तोंड करून उभ्या राहायच्या. शेवटी हॉलमधला आईचा हार घातलेला फोटो राहिला, दारातून आत आलं की समोरच दिसणारा.

हा ने, त्या म्हणाल्या. गेलेल्या माणसासमोर कोणी भाव करत नाही. लाजतं माणूस.

फोटो मी बसमध्ये मांडीवर धरून जळगावला नेला.

रंगाचं मात्र आमचं जमेना. आषाढ सरत आला होता. रंगारी म्हणाला, भिंती ओलावल्या आहेत, दिवाळीच्या तोंडावर देऊ, नाहीतर पोपडे धरतील. अक्का श्रावणावर अडून बसल्या. त्यांचं कारण असं. आपल्या खान्देशात नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाई बसते. चौरंगावर नारळाची देवी मांडायची, सोमवारी सकाळी वाजतगाजत नदीवर न्यायची. आणि कानबाई बसायची म्हणजे घराला आधी रंग द्यावाच लागतो. तेव्हा श्रावणात रंग काढला तर लोक समजतात, कानबाई. विकायला काढलंय हे गावभर झालं नाही की भाव पडत नाही. हे मला पटलं. रंगाऱ्याला पटलं नाही, पण अक्का रोज येऊन त्याच्या शिडीखाली उभ्या राहू लागल्या तेव्हा त्याने भराभर हात चालवून काम संपवलं. हॉलला फिकट पिवळा रंग अक्कांनीच निवडला. आईच्या वेळी तोच असायचा.

गिऱ्हाईक शिरपूरचं मिळालं. कापडाचे व्यापारी, मूळ राजस्थानकडचे जैन. तीन पिढ्या इकडे गेलेल्या, त्यामुळे शेठ माझ्यापेक्षा सफाईने अहिराणी बोलत. मुलीच्या कॉलेजसाठी धुळ्यात घर हवं होतं. दुकान रविवारी बंद, म्हणून रविवारी दुपारनंतर येतो म्हणाले. मी अक्कांना फोन करून दिवस सांगितला. त्या जरा थांबल्या आणि म्हणाल्या, येऊ दे.

तो कानबाईचा रविवार होता. आई गेल्यापासून आम्ही कानबाई बसवली नव्हती, आणि तिथी माझ्या डोक्यातून पार गेली होती. अक्कांच्या डोक्यातून ती जाणं शक्य नव्हतं.

शेठ आले, बरोबर त्यांच्या आई. पांढरी साडी, हळू चालणाऱ्या, प्रत्येक उंबऱ्यावर थांबणाऱ्या. मी शिकवल्याप्रमाणे गप्प होतो. नळ टपटपत नव्हता. चौकटीचं मी स्वतः सांगितलं, पाण्याचंही सांगितलं. शेठनी भिंत वाजवली, स्वयंपाकघर लहान आहे म्हणाले, आणि मला आत कुठेतरी बरं वाटलं. अक्का शेजारीण म्हणून दाराशी बसल्या होत्या, साध्या साडीत.

तेवढ्यात फाटक वाजलं. गल्लीतल्या सहा-सात बायका आत आल्या. हातात नारळ, ब्लाउजपीस, ताटात हळदीकुंकू. चौधरीबाई घर विकून गेलेल्या, पण त्याही रिक्षा करून आल्या होत्या.

"सुमनताईंची कानबाई परत बसली म्हणे," त्या मला म्हणाल्या. सुमन हे माझ्या आईचं नाव. "रंग दिल्याचं कळलं तेव्हाच आम्ही ओळखलं. बरं केलं रे भाऊ."

त्यांनी हॉलमध्ये नजर फिरवली. पिवळ्या भिंती, रिकामी फरशी, मध्ये दोन अनोळखी माणसं. मला एवढंच दिसत होतं की सौदा गेला. विकायचं आहे हे आता गल्लीला कळलं होतं, आणि शेठना हे कळलं होतं की या घरात दुसऱ्या कुणाची तरी देवी बसते. मी चाचरत सांगितलं की कानबाई नाही, घर विकायचं आहे, हे बघायला आले आहेत. एका बाईने नारळ पदराखाली घेतला.

शेठच्या आईंनी विचारलं, या घरात कानबाई कोण बसवायचं. चौधरीबाईंनी सांगितलं, सुमनताई बसवायच्या, आम्ही सगळ्या दर्शनाला यायचो, गाणी म्हणायचो, फुगड्या घालायचो. शेठच्या आई अक्कांकडे वळल्या.

"आणि तुमच्या घरी कुठे बसते, बहेनजी?"

या बाबतीत अक्कांचा नियम कडक होता. गिऱ्हाईकासमोर शेजाऱ्याने घराबद्दल जिव्हाळ्याचं काही बोलायचं नाही. गिऱ्हाईक मनात भावातून वजाबाकी करतं. त्या उठल्या, खिडकीजवळच्या कोपऱ्यात गेल्या आणि फरशीकडे बोट केलं.

"मनी कानबाई आठेच शे."

माझी कानबाई इथेच आहे. शेठना अर्थ सांगावा लागला नाही.

मला तेव्हा काही गोष्टी एकत्र दिसल्या, ज्या शेजारी वाढूनही मी कधी जुळवल्या नव्हत्या. अक्कांना मूल नाही. यजमान गेल्यावर त्यांच्या घरची कानबाई साक्रीकडे दिरांच्या घरी गेली, आणि तिकडून बोलावणं येत नाही. त्या सगळी वर्षं आईकडे यायच्या. रात्रभर गाणी म्हणायच्या, चौरंग सजवायच्या, आईला काय कुठे लागतं ते आईच्या आधी ठाऊक असायचं. पण कानबाईचे रोट, म्हणजे तो पुरणाचा प्रसाद, भाऊबंदांनीच खायचा असतो. आम्ही जेवायला बसलो की अक्का उठून आपल्या घरी जायच्या. मी लहानपणी त्यांना जाताना कितीदा बघितलं असेल. त्यांना घरी काम असतं, असं मला वाटायचं.

"मग आज बसू दे," शेठच्या आई म्हणाल्या. "आम्हाला कुठे आजच राहायला यायचंय?"

घरात पाटसुद्धा उरला नव्हता. अक्कांनी आपल्या घरून चौरंग आणला, लाल कापड आणलं. शास्त्राला धरून होतं असं नाही. बायकांनी आणलेल्या नारळांतला एक त्यांनी निवडला, पुसला, हळदीकुंकू लावलं आणि आपल्या गळ्यातली सोन्याची पोत काढून त्याला घातली. शेठ बूट घालून बाहेर उभे होते. मला म्हणाले, आईला घर पसंत आहे, तुम्ही उद्या कळवा, कागद बघू. मी हो म्हणालो. पण विकतो, हा शब्द मला त्या दुपारी तोंडातून काढता आला नाही.

मी जळगावची बस धरली नाही. बायकोला फोन करून सांगितलं आणि त्या घरात राहिलो. अक्कांनी पुरण शिजवलं. ताट मांडून त्या नेहमीसारख्या निघाल्या तेव्हा मी त्यांच्यासाठी दुसरं ताट वाढलं. मी तुझी भाऊबंद नाही, म्हणाल्या. मी म्हटलं, भाऊबंदांत आता मी एकटाच उरलो आहे, आणि मला एवढं संपत नाही. त्या बसल्या. पहिला घास घेऊन म्हणाल्या की गूळ कमी पडला, आणि ताट संपवलं.

सोमवारी सकाळी गल्लोगल्लीच्या कानबाया बँड लावून पांझरेवर निघाल्या होत्या. आम्ही मोजून आठ माणसं, बँड नाही. चौरंग अक्कांच्या डोक्यावर. माझ्या हाती द्या म्हटलं तर मान हलवायलाही तयार नव्हत्या. नदीला गुडघाभर गढूळ पाणी होतं. पोत काढून घेऊन त्यांनी नारळ पाण्यात सोडला, तो दगडाला अडला, मग सुटला. चौधरीबाईंनी फुगडीसाठी हात पुढे केला, तो अक्कांनी लगेच धरला नाही.

त्या माझ्याकडे वळल्या. तोंडावर उडालेलं पाणी पदराने पुसलं.

"आते इकी टाक, भाऊ," त्या म्हणाल्या. आता विकून टाक.

आणि मग फुगडी घालायला गेल्या.