बावन्न किलोंची गोणी

आमचे घरमालक नामदेवकाका धबधबा बघायला जातात तेव्हा व्हीलचेअरवर तांदळाची गोणी बसवून नेतात. गोणीला पट्टा बांधतात. तांदूळ भिजू नयेत म्हणून वर छत्री धरायचं काम माझं.

मी घणसोली गावात त्यांच्या वरच्या खोलीत भाड्याने राहतो. कॉलेजात गेलेला आमच्या घरातला मी पहिलाच. वडीलधाऱ्यांनी 'चल' म्हटल्यावर 'कशाला' विचारायचा धीर मला अजून होत नाही. त्यामुळे कारण कळलं ते टेम्पोत बसल्यावर.

लकव्याने काकींचे पाय गेलेत. त्यांना एकदा अगदी जवळून धबधबा बघायचाय, पण कुणी उचलून नेलेलं चालत नाही. "मी काय गनपती हाय, चौघांनी उचलायला?" म्हणून काका आधी प्रत्येक वाट गोणी ढकलून तपासतात. गोणी बावन्न किलोंची. काकींच्या वजनाएवढी, काट्यावर मोजलेली.

"काका, नेटवर लिहिलंय, रस्ता सोपा आहे," मी एकदा म्हणालो.

"लिवनाऱ्यानं गोनी नेली व्हती काय?"

तिथे फाटकापुढे तीन पायऱ्या निघाल्या. "नापास," काका म्हणाले.

दुसऱ्या ठिकाणी उतार होता, पण वळणावर खडी. चाक रुतलं, गोणी कलंडली. काकांनी धावत जाऊन तिला दोन्ही हातांनी सावरलं. "लागलं काय?" हे गोणीला. मग माझ्याकडे बघून, "नापास."

सहलीला आलेली पोरं हसायची. "काका, तांदूळ इथंच धुणार काय?"

"मानूस हाय ते. बाजूला व्हा."

पाचव्या रविवारी एक जागा सापडली. सिमेंटचा रुंद चढ, थेट कठड्यापर्यंत. काका गोणीशेजारी उकिडवे बसले, मान तिच्याएवढ्या उंचीवर आणली आणि कठड्याच्या गजांमधून पाहिलं. "दिसतंय. पास."

त्याच आठवड्यात डॉक्टरांनी काकींचं वजन केलं. चव्वेचाळीस.

मी चाचरत विचारलं, "काका, गोणीतले आठ किलो काढून ठेवू का?"

काकांनी गोणीची दोरी आणखी आवळली. "गोनीला हात लावू नको."

रविवारी काकींना नेलं. कठड्याशी तुषार अंगावर यायला लागले, तशी सवयीने मी छत्री उघडली.

"मिट ती," काकी म्हणाल्या. "मी काय तांदूळ हाय?"

काका कठड्याला टेकून मोठ्याने धापा टाकत होते. "लय जड झालीस गं तू."

"मंग गोनीलाच आनायचं व्हतं," काकी म्हणाल्या. त्यांचा चेहरा भिजला होता आणि त्या खूश दिसत होत्या.

मी छत्री मिटली. चढावर मी शेजारीच चालत होतो. काकांनी चेअर एका हाताने ढकलत आणली होती.