रिकाम्या खुर्चीचं कुलूप

आमच्या ऑफिसातल्या राणे बाई रोज घरी जाताना एका खुर्चीला कुलूप लावतात. स्वतःच्या नाही, शेजारच्या रिकाम्या खुर्चीला. सायकलची साखळी टेबलाच्या पायातून आणि खुर्चीच्या हातातून ओवायची, कुलूप लावायचं, दोनदा ओढून बघायचं. "अहो, कोण नेणार आहे ती?" असं कोणी विचारलं की म्हणतात, "नेतात. तुका म्हायत नाय."

मुलुंडचं आमचं ऑफिस जुन्या सोसायट्यांच्या पुनर्विकासाची कागदपत्रं बघतं. राणे बाई तिथल्या सगळ्यात जुन्या. मूळच्या मालवणकडच्या, राहायला भांडुपला. समोर कोणी उभं असलं की त्यांना चैन पडत नाही. कुरिअरवाला आला, "आधी बूड टेक." एका सोसायटीचे चेअरमन तावातावाने भांडायला आले, त्यांनाही, "आधी बूड टेका, मग भांडा." फोनवरसुद्धा विचारतात, "बसलायत ना? नाय? मग बसा, मी थांबते."

मी नवीन होते तेव्हा मला वाटायचं, बाई जरा चक्रम आहेत.

मी इंग्रजी शाळेत शिकले. घरी आम्ही मराठीच बोलतो, पण वाचताना मी अडखळते, आणि चाळीसनंतरचे मराठी आकडे म्हणजे माझ्यासाठी धुकं. साहेबांना हे पहिल्याच महिन्यात कळलं. सोमवारच्या मीटिंगमध्ये रहिवाशांची पत्रं मोठ्याने वाचायची असतात, आळीपाळीने, उभं राहून. माझी पाळी आली आणि ती पुढे सरकलीच नाही. दर सोमवारी मीच.

"सदनिका क्रमांक..." एकदा मी थांबले. समोर ५९ लिहिलं होतं.

"बोला मॅडम," साहेब म्हणाले. "मराठी आडनाव लावता ना? की ते भाड्याने घेतलंय?"

सगळे हसले. मीही हसले, तेच जास्त लागलं. त्या आठवड्यात मी मेलमध्ये राजीनामा लिहून ठेवला. सोमवारनंतर पाठवायचा, असं ठरवलं. घरी कोणाला बोलले नव्हते. काय सांगणार? ऑफिसात मला आकडे वाचायला लावतात?

त्या सोमवारी मी पत्र घेऊन उभी राहिले, तेवढ्यात मागून साखळी खळखळली. राणे बाई ती खुर्ची ढकलत येत होत्या. एक चाक कुरकुरत होतं. ती त्यांनी बरोबर माझ्यामागे आणून लावली.

"बस गो बाय. बसून वाच."

"राणे बाई," साहेब म्हणाले, "वाचणारा उभा राहतो. पद्धत आहे आपली."

"बरा. मग तिच्या वाटणीची मी उभी रवतंय."

"तुमचे गुडघे दुखतात ना?"

"दुखतत. म्हणान बेगीन आटपा."

मी बसले. वाचलं. एका आकड्याला पुन्हा अडले. कोणी हसलं नाही. त्या माझ्या खांद्याशी उभ्या होत्या, एक हात टेबलावर टेकलेला, आणि त्यांच्याकडे बघत हसायची कोणाची हिंमत नव्हती. साहेब फक्त "पुढे" म्हणाले. पुढच्या सोमवारी पत्र दुसऱ्याकडे गेलं.

राजीनामा मी पुसून टाकला. त्या संध्याकाळी ऑफिस सुटताना चहा घेऊन त्यांच्याकडे गेले. थँक यू म्हणणार होते, पण तोंडातून भलतंच आलं, "ही खुर्ची कोणाची?"

"शैलाची. टायपिस्ट होती." त्यांनी कप बाजूला ठेवला. "तेव्हाच्या साहेबांका ती नको होती. माका सांगितलानी, तिची खुर्ची स्टोअरात नेऊन ठेव. मी नेलंय."

"मग?"

"मग काय? उभ्याने टाइप करी. पंधरा दिवस. मी हय, बाजूक बसलेलंय. सोळाव्या दिवशी इलीच नाय." त्या उठल्या, कुलूप हातात घेतलं. "ती गेल्यावर खुर्ची परत आणलंय. आता कोणाक नेऊक देणंय नाय."

मी विचारलं, "कधी भेटल्या तर काय म्हणाल त्यांना?"

राणे बाईंनी साखळी ओवली, दोनदा ओढून बघितली.

"काय म्हणतलंय? आधी बूड टेक."